बॉल खाली आणायचा नाही

दीपनगरला मामाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून तीन कप फुटले आणि एकदा दुधाचं पातेलं कलंडलं.  पुढच्या दिवसापासून मामी मला चहा स्टीलच्या ग्लासात द्यायला लागली. दोष माझा नव्हता असं मी आजही म्हणेन. दीड वर्षात मी इतकी झपाट्याने वाढले होते की माझे हात नक्की कुठे संपतात याचा मलाच अंदाज यायचा नाही. धरणगावच्या घरात चौकटीला रोज कपाळ लागायचं. शाळेच्या रांगेत मला मुलींच्याच नाही, मुलांच्याही मागे उभं करायचे. आई माझ्याकडे बघून म्हणायची, "कितली उंच व्हई गयी वं तू! आते बस कर." जणू ते माझ्या हातात होतं. मग मीच उपाय काढला. खांदे पुढे घ्यायचे, मान खाली घालायची आणि पाठीतून थोडं वाकून चालायचं. दोन बोटं उंची तरी नक्कीच कमी व्हायची.

दहावी झाली आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मामाकडे पाठवायचं ठरवलं. कारण शिक्षणाचं सांगितलं, ते खरंही होतं. पण आईने बॅग भरताना दुसरं कारण सांगून टाकलं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत कुठकुठले लोक राहतात, पंजाबी आहेत, बिहारी आहेत. "तठे तुले कोनी देखत नई," ती म्हणाली. गावात मात्र सगळे बघत होते, आणि बघून झाल्यावर आईला येऊन सांगत होते की हिला मुलगा मिळणं कठीण आहे.

मामा कोळसा उतरवायच्या विभागात फिटर होता. त्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे जाईचा वेल, मागे मामीचे मेथीचे आणि कांद्याच्या पातीचे वाफे. तिथे शांतता अशी कधी नसायचीच. वीज केंद्राची घरघर दिवसभर चालू असायची आणि दोन-चार दिवसांनी ती ऐकूच येईनाशी व्हायची. सुट्टीत धरणगावला गेले की कानाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं. कोळशाच्या वॅगनी एकमेकींना धडकत जायच्या, पाळी बदलली की भोंगा व्हायचा, आणि त्या भोंग्यावर सगळ्या कॉलनीतल्या बायका कणीक मळायला घ्यायच्या. वाळत घातलेले कपडे मामी आत आणायच्या आधी दोनदा झटकायची, कारण त्यांच्यावर राखेचा बारीक थर बसलेला असायचा. थंडी पडली की मामा बामणोदची वांगी पोत्याने आणायचा. अंगणात काड्यांवर ती भाजली जायची, काळी ठिक्कर, आणि मामी लाकडी मुसळीने ती ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कच्चं तेल, वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. मी धुळ्यात राहते त्याला आता पस्तीस वर्षं होतील, माझी सून भरीत गॅसवर वांगी भाजून करते आणि चांगलंच करते. मी दोनदा वाढून घेते. पण काड्यांचा वास नाही हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, आणि तिने हे वाचलं तर कळेलच.

कॉलनीच्या मैदानाच्या कडेला सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट होतं. फळे लाकडाचे, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही. तिथे संध्याकाळी मुली खेळायच्या आणि त्यांना शिकवायला इंगळेभाऊ यायचे. ते बॉयलरवर ऑपरेटर होते, वय चाळिशीचं, उंची जेमतेम सव्वापाच फूट. लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलेलं, तिथेच खेळ शिकलेले. मी दळण घेऊन गिरणीतून येत होते तेव्हा त्यांनी मला पाहिलं, हातातला बॉल खाली ठेवला आणि डब्यासकट माझ्याबरोबर मामाच्या दारापर्यंत चालत आले. मामीला म्हणाले, "वहिनी, ही पोरगी मला संध्याकाळी एक तास द्या."

मामीने मला आपादमस्तक बघितलं. "न्या," ती म्हणाली. "घरातले कप तरी वाचतीन."

उंच मुलीला बास्केटखाली उभं करायचं, हे जगात सगळीकडे ठरलेलंच. त्या जागेला पोस्ट म्हणतात. कॉलनीतल्या आमच्या शाळेचे खेळाचे सर सांगायचे, तू काही करू नको, हात वर करून उभी राहा, बॉल आला की टाक. त्यांच्या मते पोस्टला बॉल हाताळता येण्याची गरजच नव्हती. ते काम बुटक्या, चपळ गार्डचं. इंगळेभाऊंचं म्हणणं बरोबर उलट. ते म्हणायचे, "मी पंधरा वर्षं गार्ड खेळलो शकू. पंधरा वर्षं मी जीव तोडून बॉल पोस्टला नेऊन दिला आणि पंधरा वर्षं त्या ताडमाडांनी तो सांडला. आता मला एक तरी अशी बघायची आहे जिच्या हातात बॉल राहतो."

पहिला दीड महिना त्यांनी मला बास्केटकडे टाकूच दिलं नाही. बॉल कमरेभोवती फिरवायचा, डोक्याभोवती, मग पाय फाकवून दोन्ही पायांमधून आठाच्या आकड्यासारखा. तळहात लावायचा नाही, बोटांची पेरं लावायची. तेव्हा मुलींनाही मुलांचाच मोठा बॉल असायचा, आणि राखेमुळे तो तुळतुळीत व्हायचा. दर दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावा लागे. मग झेलायचं शिक्षण. भाऊ मुद्दाम वाईट पास द्यायचे, घोट्याजवळ, कानाजवळ, पाठीमागून हाक मारून. दोन हात, दहा बोटं, आणि बॉल हातात येईपर्यंत डोळे त्याच्यावर. आला रे आला की हनुवटीखाली ओढायचा आणि कोपरं बाहेर काढायची. "खाली आणायचा नाही!" हे वाक्य त्यांनी मला हजार वेळा ऐकवलं असेल. मी झेललेला बॉल सवयीने कमरेपाशी आणायचे आणि ते खालून टपली मारून तो उडवून न्यायचे. "कमरेखाली बुटक्यांचं राज्य आहे. मी तिथंच राहतो, मला विचार. बॉल तिकडे आला की तो आमचा."

एक पाय जमिनीला रोवून दुसऱ्याने गोल फिरायचं, बास्केटकडे तोंड करायचं, आणि गरज असेल तरच एक टप्पा, जोरात, दोन्ही पायांमध्ये, मग दोन्ही पायांवर एकदम थांबायचं. हे सगळं गुडघे वाकवून. माझं नेमकं तिथेच अडायचं, कारण मी पाठीतून वाकायचे. भाऊंनी एकदा माझ्या डोक्यावर मामीची स्टीलची वाटी ठेवली आणि तशीच, फक्त गुडघ्यातून वाकून, टप्पे द्यायला लावले. वाटी पडली की पहिल्यापासून. पोरी हसून हसून लोळल्या. पण दिवाळीच्या आसपास कधीतरी मामी जेवताना म्हणाली, "शकू, तू आजकाल काही सांडत नाहीस वं." माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पुष्पा मात्र हसणाऱ्यांत नव्हती. ती आमची कप्तान आणि गार्ड, माझ्याच वर्गातली, माझ्या खांद्याला लागेल एवढी. दोन घट्ट वेण्या, बोलणं तिखट. लहानपणापासून ती याच कोर्टावर वाढलेली आणि संघ तिने जवळजवळ एकटीने चालवलेला. माझ्यासारखी नवखी, फक्त उंच म्हणून पहिल्या पाचांत आली, हे तिला पटलेलं नव्हतं. डिसेंबरात भुसावळच्या रेल्वेच्या मुलींशी आमचा सामना झाला. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी आम्ही मागे होतो. पुष्पाने तिघींमधून वाट काढून मला असा सुरेख पास दिला की माझ्यासमोर कोणीच नव्हतं. मी झेलला. आणि घाबरून खाली आणला. कुठूनसा एक हात आला आणि बॉल गेला. सामनाही गेला.

परतताना पुष्पा बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून सरावात तिने मला बॉल देणं बंद केलं. उघड भांडण नाही. मी मोकळी असले तरी तिची नजर माझ्यावरून पुढे जायची. एकदा मी हात वर करून "पुष्पा!" म्हणून ओरडले तेव्हा ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "तू सांडशील." तेवढंच. मी घरी आले आणि मागच्या वाफ्यांपाशी बसून रडले. मामीने पाहिलं आणि मेथी निवडायला माझ्या पुढ्यात टाकली.

मी भाऊंना सांगितलं की मला सोडायचं आहे. ते म्हणाले, "सोड. पण आधी डावा हात शिकून घे, मग सोड." हे काय उत्तर झालं? पण त्यांनी खरोखरच माझा उजवा हात माझ्याच ओढणीने कमरेला बांधला आणि महिनाभर मला डाव्या हाताने टप्पे देत कोर्टाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालायला लावलं. चालायला, पळायला नाही. बॉल दर चार पावलांनी बुटावर आपटून बाहेर जायचा. बाकी मुली खेळत असायच्या आणि मी कडेने ही अशी. पोस्टला एवढे टप्पे कशाला लागतात, मी विचारलं. "लागत नाहीत," भाऊ म्हणाले. "पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी तू मला विचारायला येशील आणि मी बॉयलरवर असेन." महिना संपला तेव्हा सोडायचं मी विसरले होते.

बारावीच्या वर्षी, थंडीतच, दोन गोष्टी एकदम आल्या. एक, धुळ्याला मुलींच्या सामन्यांचं बोलावणं. दुसरं, नानांचं पत्र. पारोळ्याकडचं एक स्थळ होतं. मुलगा चांगला शिकलेला, आणि मुख्य म्हणजे माझ्यापेक्षा उंच. एवढा उंच मुलगा पुन्हा मिळायचा नाही असं सगळ्यांचं मत पडलं होतं. पाहुणे येत्या आठवड्यात घरी येणार. नाना स्वतः धुळ्याला येतील, सामने झाले की मला तिथूनच घेऊन धरणगावला जातील, आणि जमलं तर लग्न उन्हाळ्यात. बारावीचं पुढे बघता येईल. पत्र मामाने मोठ्याने वाचलं. मामी म्हणाली, "परीक्षा दोन महिन्यांवर हाये, अन् पोरीले आत्ता नेतात?" मामा म्हणाला, "दाजींना मी काय सांगणार?" मी माझी सगळी बॅग भरली, पुस्तकांसकट. मामीने खेळायची गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी इस्त्री करून सगळ्यात वर ठेवली.

धुळ्याचा पहिला सामना यजमान संघाशीच होता. दुपारची वेळ, कोर्टाभोवती दोर बांधलेला आणि दोराला खेटून माणसंच माणसं. नाना धोतर-टोपीत एका कोपऱ्यात उभे होते. माझी चड्डी बघून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, मग परत आणली.

धुळ्याच्या मुली वेगवान होत्या. आम्ही टिकून होतो ते पुष्पामुळे. ती मला अजूनही पास देत नव्हती, मी रिंगवरून उडालेले बॉल गोळा करून तिला देत होते, आणि कसंबसं चाललं होतं. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. आणि पंचाची शिट्टी झाली. पुष्पाचा पाचवा फाउल. ती बाहेर.

बाहेर जाताना तिने चेहरा टॉवेलमध्ये लपवला होता. आता बॉल पुढे न्यायचं काम सुनीता नावाच्या अकरावीतल्या मुलीवर आलं. धुळ्याच्या मुलींनी ते लगेच ओळखलं आणि आमच्या बास्केटपासूनच दोघी-दोघी तिच्या अंगावर यायला लागल्या. दोनदा बॉल तिच्या हातून काढून घेतला, दोन्ही वेळा बास्केट केली. आम्ही एका गुणाने मागे. सुनीता रडायच्या बेताला आली. अर्धं मिनिट उरलं असताना भाऊंनी टाइम आउट मागितला.

आम्ही त्यांच्याभोवती उभ्या राहिलो. ते सुनीताला म्हणाले, "तू बास्केटखाली जा. मोकळी राहा." मग माझ्याकडे वळले. "बॉल तू आणायचा."

"मी?"

"दोघी अंगावर आल्या तरी तुला वरून दिसतं. सुनीताला दिसत नाही. जेवढे टप्पे लागतील तेवढे दे. टप्पा कमरेच्या वर उडू देऊ नको. आणि थांबलीस की बॉल कुठे?"

"हनुवटीखाली."

मी निघणार तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. पुष्पा होती. डोळे लाल. भराभर बोलत होती, "ऐक. तुझ्यासमोर जी येणार ना, सहा नंबरची, ती डावखुरी आहे. तिचा डावा हात तुझ्या उजव्या बाजूला येतो. मघापासून माझा बॉल तिथेच मारतेय. तू डाव्या हातात ठेव."

"डाव्या?"

"मग गेल्या वर्षी महिनाभर काय करत होतीस कडेला?" ती म्हणाली. "मी बघत होते."

बॉल हातात आला. सहा नंबर आलीच. मी गुडघे वाकवले आणि डाव्या हाताने टप्पे देत निघाले. पळाले नाही, भरभर चालले म्हणा. तिचा हात दोनदा माझ्या उजव्या कुशीपाशी आला आणि रिकामा गेला. प्रेक्षकांत कोणीतरी ओरडलं, "अरे, ती उंट काय करी राहिनी!" आणि लोक हसले. ते मला ऐकू आलं, आणि काही वाटलं नाही. हे मला अजून नवल वाटतं. मधली रेघ ओलांडली. आता दुसरी एक बाजूने धावून आली. बास्केटपासून आठ-दहा फुटांवर मी दोन्ही पायांवर एकदम थांबले, बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. दोघी माझ्याभोवती, चार हात खाली चाचपडत होते. मी एका पायावर फिरले. त्यांच्या डोक्यांवरून सगळं कोर्ट दिसत होतं, अंगणातून रस्ता दिसावा तसं स्वच्छ. सुनीता बास्केटखाली एकटी उभी होती. मी दोन्ही हातांनी वरून बॉल दिला. तिने तो फळ्यावर टाकला, तो रिंगवर एकदा नाचला आणि आत पडला.

उरलेल्या सेकंदांत त्यांनी घाईने लांबून टाकलेला बॉल रिंगला लागून परत उडाला, तो मी वरच्या वर घेतला आणि खाली आणला नाही. दोघी माझ्या हातांना लोंबकळत होत्या तेव्हा शेवटची शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिककडच्या संघाने आम्हाला अठरा गुणांनी धुतलं. त्याचं कोणालाच फार दुःख झालं नाही. भाऊंनी सगळ्यांना शेवभाजी खाऊ घातली, इतकी तिखट की सुनीताला खरोखर रडू आलं. दुपारी आम्ही भुसावळच्या एसटीत बसलो. नाना आमच्याच गाडीत होते. त्यांनी कंडक्टरकडून एरंडोलची दोन तिकिटं घेतली, एक त्यांचं, एक माझं. तिथे उतरून धरणगावची गाडी धरायची होती. माझी बॅग माझ्या मांडीवर. पुष्पा मागच्या सीटवर, सुनीताशेजारी. कालपासून आम्ही दोघी काही विशेष बोललो नव्हतो.

पारोळ्यापर्यंत नाना खिडकीबाहेर कपाशी बघत बसले. त्यांना खेळाबद्दल काही विचारायची सवय नव्हती आणि मला सांगायची. पारोळा मागे पडलं आणि ते अचानक म्हणाले, "डावा हातमा का लिधा व्हता चेंडू?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एवढ्या गर्दीत, एवढ्या आरडाओरड्यात, आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ बघणाऱ्या माणसाने हे पाहिलं होतं. मी म्हटलं, "ती पोर डावखुरी व्हती, नाना."

"हाई तुले कोनी सांगं?"

"पुष्पानी."

नाना मागे वळले. पुष्पा एकदम सावरून बसली. त्यांनी तिला नीट पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा कपाशीकडे वळले.  मी मनात पाहुण्यांसमोर नेसायची साडी कोणती असेल याचा विचार करत होते. एरंडोलचा स्टँड आला. लोक उठले. मी बॅग उचलली. नानांनी आपली पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या बॅगेवर हात ठेवून ती परत खाली दाबली.

"तू जाय पुढे," ते म्हणाले. "परीक्षा दे. पाहुनासले मी सांगी देसू."

"आईला?"

"तिले बी."

आणि ते उतरले. खिडकीखाली क्षणभर थांबतील असं वाटलं, पण समोर धरणगावची गाडी निघत होती, ते टोपी धरून तिच्यामागे धावले. त्या दिवशी त्यांच्या मनात नक्की काय आलं ते मी पुढे कधी विचारलं नाही. नाना जाऊनही आता खूप वर्षं झाली. पारोळ्याचा तो मुलगा कोणाला मिळाला हेही ठाऊक नाही. ज्यांच्याशी मी लग्न केलं ते माझ्यापेक्षा दोन बोटं कमी आहेत, आणि माळ्यावरचे डबे मी काढून देते.

गाडी सुटली. नानांच्या रिकाम्या जागेवर पुष्पा येऊन बसली, न विचारता. कंडक्टर तिकिटं बघत आमच्यापाशी आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमचं तिकीट एरंडोलपर्यंतच होतं."

मी पर्स शोधायला वाकले. माझ्या आधी पुष्पानेच पैसे पुढे केले.

"भुसावळ एक," ती म्हणाली. "आमची पोस्ट आहे ती."